खुंटीवरची चावी

माझे बाबा टँकरवर ड्रायव्हर होते. रसायनीहून माल भरायचा आणि गुजरातकडं न्यायचा. गेले की चार दिवस, कधी सहा दिवस. तेव्हा आमच्या गावात फोन एकाच घरात होता आणि त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. आई खालापूरच्या बाजूला वीटभट्टीवर जायची. भट्टी हमरस्त्याला लागूनच होती. बाबांच्या मागंपुढं त्यांच्याच लाइनचे दोन-तीन टँकर असायचे. त्यांचं आपसात ठरलेलं होतं, की जो पुढं निघून येईल त्यानं भट्टीजवळ दोन हॉर्न मारायचे. दोन हॉर्न म्हणजे तुझा माणूस मागून येतोय, नीट आहे. डोक्यावर विटा घेतलेली आई जागेवर थांबायची, मान न वळवता ऐकायची आणि पुन्हा चालायला लागायची. त्या संध्याकाळी कालवणात मीठ बरोबर पडायचं. ज्या दिवशी हॉर्न नाही, त्या दिवशी ते कधी जास्त तर कधी अजिबात नाही.

मी सातवीत असताना काचबिंदूनं बाबांचा एक डोळा गेला. लायसन पुन्हा करून मिळेना. पुढची दोन वर्षं माझी आणि धाकट्या बहिणीची चप्पल एकच होती. तिची शाळा सकाळची, माझी दुपारची. ती घराच्या वळणापर्यंत आली की चप्पल काढायची, मी घालायचो. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही. आईला वाटायचं, म्हणून ती त्या वेळी दारात यायची नाही.

तरी मी बी.ए. झालो. विषय भूगोल. आमच्या भावकीत पदवीचा कागद माझ्या आधी कुणाच्या हातात पडला नव्हता. बाबांनी तो फ्रेम करून आणला आणि उजव्या डोळ्यानं दिसेल अशा भिंतीला लावला. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये वर्षभर कंत्राटावर काढल्यावर कर्जतच्या एका छोट्या साहस-सहलींच्या कंपनीत मला ड्रायव्हर-गाइडची नोकरी लागली. घरी सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पंधरावी करून शेवटी माझ्याच शीटवर बसलास रं?" पुढं तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत.

ही नोकरी काय असते ते बाहेरच्यांना नीटसं माहीत नसतं, म्हणून सांगतो. ग्रुप आठ-नऊ जणांचा. दहा सीटांची एक जीप. सकाळी भिसेगावच्या बाजूनं स्टेशनाशी गाडी लावायची, माणसं गोळा करायची, पहिल्यांदा त्यांच्या पायाकडं बघायचं. गुळगुळीत तळव्याचे बूट असतील तर गाडीतले जादा जोड काढून द्यायचे. मग डोंगराच्या पायथ्याशी नेऊन गाडी लावायची आणि तिथून त्याच माणसानं दोर खांद्यावर टाकून पुढं चालायचं. मोठ्या कंपन्यांत ड्रायव्हर वेगळा, गाइड वेगळा. छोट्या कंपनीला ते परवडत नाही. त्यामुळं आम्हाला पाय जपून खर्चावे लागतात. उतरून आल्यावर पाहुणे मागं झोपतात, आम्हाला क्लच दाबायचा असतो.

आणखी एक गंमत. स्टेशनापासून पायथ्यापर्यंत मी "ओ ड्रायव्हर" असतो. पायथ्यापासून वर "सर". खाली येऊन गाडीत बसलं की परत "ड्रायव्हर, एसी वाढवा." सुरुवातीला लागायचं. नंतर कळलं, की माणूस घाबरलेला असला की मान देतो.

मुंबईचे एक निवृत्त साहेब आले होते. दर वळणावर विचारायचे, "अजून किती?" मी म्हणायचो, वीस मिनिटं. चौथ्यांदा ते बसले आणि म्हणाले, "तुमचं घड्याळ बंद पडलंय." खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात माथा कुठूनही वीस मिनिटांवरच असतो. अर्धा तास म्हटलं की लोक खाली बसतात, दहा म्हटलं की धावतात. साहेब माथ्यावर पोचले तेव्हा मात्र त्यांनी माझ्या हातात हात दिला आणि बराच वेळ सोडला नाही. अशी माणसं भेटतात म्हणून ही नोकरी टिकते.

पण मला सांगायचंय ते एका चावीबद्दल.

कर्जतपासून तासाभरावर ठाकरांची एक वाडी आहे. नाव मुद्दाम देत नाही. नाव छापलं की पुढच्या शनिवारी तिथं पन्नास गाड्या लागतील. वाडीत पंचवीसेक घरं, मागं एक ओढा आणि ओढ्यापलीकडून डोंगरावर चढणारी दगडांची नाळ. शेवटचं घर हिरूबाईचं. हिरूबाई सत्तरीची, नवरा नाही. मुलगा चांगू माझ्याच वयाचा. त्याच्यासारखा चालणारा माणूस मी पाहिला नाही. ओल्या कातळावर तो अनवाणी असा जायचा, की वाटायचं कातळच त्याला धरून ठेवतोय.

पहिल्यांदा ग्रुप घेऊन गेलो तेव्हा हिरूबाईनं मला हटकलं.

"किती हायत?"

"आठ. मी नववा."

"गाडीची चावी हितं ठिव." तिनं ओट्याच्या मेढीवरची, लाकडी खांबावरची, खुंटी दाखवली.

मला वाटलं, गाडी लावायचा काहीतरी हिशेब असेल. म्हटलं, "कशाला, आजी?"

"चावी हाय म्हंजी मानसं वर हायत. चावी गेली म्हंजी मानसं खाली आली. दिवं लागंपातूर चावी खुंटीलाच ऱ्हायली, तर आमची मानसं वर जात्यात."

पूर्वी कधीतरी एक टोळकं वर अडकलं होतं आणि वाडीला पत्ताच नव्हता. तेव्हापासून तिनं हे सुरू केलं. वाडीत फोनला रेंज नाही. टाकीजवळच्या एका खडकावर उभं राहिलं तर लागतो, तोही वाऱ्याच्या मर्जीनं. त्यामुळं खुंटी हाच फोन. मी तिथं चावी ठेवायला लागलो. गळ्यात ओळखपत्र असायचं, म्हणून वाडीतली माणसं मला मास्तर म्हणायची. मी बी.ए. आहे हे चांगूला सांगितलं होतं, तेव्हापासून ते नाव पक्कं झालं.

माझ्या नोकरीचं पाचवं वर्ष. गणपती उठल्यानंतरचा शनिवार. आठ पाहुणे होते, त्यात एक जोडपं पन्नाशीचं. सकाळी साडेसातला चावी खुंटीला अडकवली. साडेअकराला माथ्यावर. दुपारी एकच्या सुमारास डोंगराच्या मागच्या अंगाला पाऊस कोसळला. आमच्या डोक्यावर नुसती झिमझिम होती. पण मी भातशेतीच्या गावात वाढलोय. वर पडलेलं पाणी खाली यायला किती वेळ लागतो ते मला कळतं. निम्मी नाळ उतरलो तेव्हा तिच्यातून लाल पाणी वाहायला लागलं होतं, आणि खालून ओढ्याचा आवाज येत होता.

मी ग्रुप थांबवला. म्हटलं, या वाटेनं उतरायचं नाही. परत वर, पठार ओलांडून पलीकडच्या बाजूनं, लाकूडतोड्यांच्या पायवाटेनं. तीन तास जास्त. एक तरुण चिडला, "सर, वाडी दिसतेय की समोर! गाडी दिसतेय आपली!" मी म्हणालो, "दिसतेय. गाडी तिथंच राहील, आपण दुसरीकडून जाऊ." त्या दिवशी मी घेतलेला तो निर्णय बरोबर होता. आजही मी तोच घेईन. कुणाला खरचटलंही नाही. साडेपाचला आम्ही पलीकडच्या गावात डांबरी रस्त्याला लागलो. ऑफिसला फोन केला, त्यांनी दुसरी गाडी पाठवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पन्नाशीच्या बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मालक फोनवर म्हणाले, "शाब्बास. तू पण ये त्याच गाडीतून, जीप उद्या आणू."

चांगूच्या फोनवर मी एकदा लावून पाहिलं. बंद होता. त्या गावाहून रस्त्यानं वाडी दीड तास. दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला म्हटलं असतं, की पाहुण्यांना तू स्टेशनाला सोड, मी रिक्षा बघून वाडीत जातो, तर तो नाही म्हणाला नसता. मी म्हटलं नाही. मी भिजलो होतो, दमलो होतो, आणि खरं कारण सांगायचं तर माझं कौतुक चाललं होतं, ते मला अर्ध्यावर सोडवेना. मनात म्हटलं, चांगू शहाणा आहे. ओढा फुगलेला बघून त्याला कळेलच, की मास्तर पलीकडून गेला.

घरी पोचून जेवायला बसलो आणि सगळं सांगितलं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"गाडी कुटं हाय?"

"वाडीत."

"आन् चावी?"

"हिरूबाईकडं. खुंटीला."

त्यांचा हात ताटातच थांबला. "मंग तिला कुनी सांगितलं, तुमी उतरलात त्ये?"

"सकाळी जातोय ना. बाबा, तुमच्या टँकरचे दिवस वेगळे होते."

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि भाताचं पातेलं उचलून आत गेली.

सकाळच्या मिनिडोर रिक्षानं फाट्यापर्यंत गेलो, पुढं चालत. चांगूसाठी तंबाखूची पुडी घेतली होती. सात वाजले असतील. वाडीत शिरलो तर पुरुष माणूस दिसेना. बायका हिरूबाईच्या अंगणात बसल्या होत्या. कुणाच्या घरातून धूर नव्हता. चावी खुंटीवर होती.

हिरूबाईनं मान वर केली. माझ्या पायांकडं बघितलं, कोरड्या कपड्यांकडं बघितलं.

"तू खाली हायस?"

मी म्हणालो, "कालच उतरलो, आजी. पलीकडून."

 ती बाकीच्या बायकांकडं वळली, आणि जसं त्यांनाच विचारतेय तसं म्हणाली, "मंग आपली मानसं कुनाला शोदत्यात?"

इतक्या वर्षांत मला पुष्कळ जणांनी पुष्कळ बोल लावलेत. त्यातलं काही लक्षात नाही. हे वाक्य मात्र मला रोज ऐकू येतं.

मी धावत सुटलो. ओढा उतरला होता. नाळेच्या निम्म्यावर, जिथून मी आदल्या दिवशी ग्रुप मागं फिरवला होता, त्याच्या थोडं खाली एका कपारीत पाच जण होते. चौघं बसलेले, चांगू आडवा. दिवे लागल्यावर चावी खुंटीला बघून ते दोर धरून ओढा ओलांडून आले होते. आम्हाला हाका मारत नाळ दोनदा खालवर केली होती. दुसऱ्या खेपेला चांगूचा पाय दोन धोंड्यांमध्ये गेला आणि वरून पाण्यानं आणलेला तिसरा धोंडा त्यावर बसला. मांडीचं हाड मोडलं होतं. ओढा पुन्हा वाढल्यामुळं त्यांना त्याला घेऊन परत येता आलं नव्हतं.

त्यांच्यातला धर्मा सगळ्यांत वडील, साठीचा. मला एकट्याला बघून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "बाकीची कुटं हायत रं?"

त्याला वाटलं, मीच तेवढा वाचलोय.

"सगळी नीट हायत, काका. काल सांजंलाच घरी गेली."

 धर्मानं डोक्याचं फडकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. चांगू मात्र डोळे उघडून हसला. "मंग बरं झालं," म्हणाला. "तुमाला शोदाया आलो, मास्तर, आन् मीच घावलो."

घोंगडीची झोळी केली, बांबू ओवला आणि आम्ही पाच जणांनी आळीपाळीनं त्याला खाली आणलं. हिरूबाईनं खुंटीवरची चावी काढली. माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली. मी उचलली आणि गाडी काढली. कर्जतपर्यंतच्या रस्त्यात जेवढे खड्डे आहेत ते मला त्या दिवशी एकेक करून कळले. गाडी हळू चालवली की चांगूचा जीव जातोय असं वाटायचं, जोरात चालवली की तो ओरडायचा.

शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला, पण दोन बोटं आखूड झाला. मध काढायला कड्यावर चढणारा माणूस आता काठी घेऊन चालतो. दवाखान्यात बाबा रोज यायचे. एका डोळ्यानं रस्ता ओलांडून, बस बदलून. ते चांगूच्या खाटेजवळ बसायचे आणि फारसं बोलायचे नाहीत. एकदा मी औषधं घेऊन आलो तर ते त्याला भट्टीजवळच्या हॉर्नची गोष्ट सांगत होते. शेवटी म्हणाले, "माझ्या पोरानं हॉर्न मारला नाय." चांगू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, काका. त्ये काय मुद्दाम केलं न्हाय त्यानं." बाबा म्हणाले, "मुद्दाम नाय त्येच तर."

दिवाळीनंतर मी एक ग्रुप घेऊन वाडीत गेलो. सवयीनं चावी काढली. हिरूबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती.

"नगं," ती म्हणाली. "तुजी चावी मला नगं."

मी ग्रुपला तिथूनच मागं फिरवलं आणि दुसऱ्या डोंगराला नेलं. मालकांना सांगितलं, की वाडी चावी घेत नाही तोवर हा डोंगर बंद. ते म्हणाले, "अरे, आपल्याकडं वॉकी-टॉकी आलेत आता. एका म्हातारीच्या खुंटीवर कंपनी चालवायची का?" मी म्हटलं, "तुम्ही दुसरा माणूस पाठवा, मी जाणार नाही." त्यांनी पाठवला नाही. शिकलेले आहेत, कर्जतच्या जुन्या घरातले, पण त्यांना गोष्ट कळायला वेळ लागला तरी कळते. त्याच आठवड्यात मी ऑफिसच्या भिंतीवर एक नियम लिहिला. ग्रुप कुठूनही उतरो, पाहुण्यांना कुणीही नेवो, गाइडनं त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन चावी उचलायची. त्याआधी त्याची ट्रिप संपली असं धरायचं नाही.

पुढं सुटीच्या दिवशी मी चांगूला तपासणीला नेऊ-आणू लागलो. वर्ष झालं, दुसरं सुरू झालं. हिरूबाई मला पाणी द्यायची, चहा द्यायची, खुंटीचं नाव काढायची नाही. मीही काढायचो नाही. एकदा चांगूच वैतागला.

"आये, घे की त्याची चावी. त्याला कवर असा उबा ठिवशील गं?"

"मी कुटं उबा ठिवलाय?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पाच जनं वर गेलती. ह्यो एकाचीच तंगडी बगतोय."

मी तिथंच बसून राहिलो. खरं होतं. चांगूची माफी मी मागितली होती, तिची मागितली होती. बाकी चौघं मला वाडीत भेटायचे, रामराम करायचे आणि मी रामराम करून पुढं जायचो. त्यांचं काही मोडलं नव्हतं, म्हणून माझ्या लेखी त्यांचं काही गेलं नव्हतं.

त्या दुपारी मी चार ओट्यांवर बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, मी त्या संध्याकाळी येऊ शकलो असतो, आलो नाही. ओढा फुगलेला बघून तुम्हाला कळेल असं समजलो. एकानं बिडी पुढं केली. दुसऱ्याची बायको आतून म्हणाली, "आमी वटीत तांदूळ घिऊन देवाला साकडं घालीत बसलो व्हतो रात सारी." तिसरा मला फाटकापर्यंत सोडायला आला.

शेवटी धर्माकाका. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं.

"हाका मारून मारून माजा आवाज बसला व्हता. आठ दिस. मास्तर, मास्तर." मग त्यांनी माझ्याकडं बारीक डोळे करून पाहिलं. "येवडा शिकलास, हाकंला ओ द्याया नाय व्हय शिकीवलं कालिजात?"

"नाही शिकवलं, काका."

"मंग आता शीक."

परत आलो तर हिरूबाई ओट्यावर होती. मी गाडीकडं निघालो होतो. तिनं हात पुढं केला. मी चावी दिली. वर कुणीच गेलं नव्हतं, ग्रुप नव्हता, तरी तिनं ती खुंटीला अडकवली, आत जाऊन भाकरी आणली, मला जेवू घातलं आणि मग चावी काढून माझ्या हातात दिली.

"आता जा," म्हणाली.

त्याला चार पावसाळे झाले. तो डोंगर आता पुन्हा चालू आहे. पलीकडच्या बाजूनं उतरावं लागलं असं त्यानंतर दोनदा झालं. दोन्ही वेळा पाहुण्यांना दुसऱ्या गाडीत बसवून मी दीड तासाची वाट धरली आणि दिवे लागायच्या आत वाडीत पोचलो. एकदा फाट्यापासूनच मला आणणाऱ्या रिक्षावाल्याला दोन हॉर्न मारायला सांगितले. चांगू काठी टेकत बाहेर येऊन उभा होता. त्याला हॉर्नचा अर्थ बाबांनी सांगितलेला होता.

चांगूचा पाय माझ्यामुळं अधू झाला. तो पूर्वीसारखा झाला नाही, आणि ते कशानंही भरून निघालं असं मी कधी म्हणणार नाही. बाबांनी माझ्या फ्रेमशेजारी आता त्यांचं जुनं लायसन लावलंय. का, ते मी विचारलं नाही.

मी बी.ए. आहे, दहा सीटांच्या जीपवर ड्रायव्हर-गाइड आहे, आणि वाडीत माझी चावी घेतात.